न दिसणारी चूल



पूर्वी बाहेर जेवायचे म्हणजे खानावळीत जायचे. ताट पुढे येण्याआधी पिंपातले पाणी दिसे, वाढणाऱ्याचे हात दिसत. मोरीचा वास आला तर माणूस उठून दुसरीकडे जाई. आता सांगलीच्या विश्रामबागेतला विद्यार्थी मोबाईलवर बोट ठेवतो आणि थोड्या वेळात अक्खा मसूर आणि रोटी दारात येते. मिरज हे दवाखान्यांचे गाव. तिथे परगावचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक यांचेही जेवण असेच येते. साताऱ्यातही हे रुळले आहे. पण हे अन्न शिजले कोठे? पाटी नाही, टेबल-खुर्ची नाही, गिऱ्हाईक कधी आत येत नाही. अशा स्वयंपाकघराला आता क्लाऊड किचन म्हणतात. कधी कधी एकाच चुलीवर चार वेगवेगळ्या नावांची हॉटेले चालतात आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

या धंद्याला आमचा विरोध नाही. मोक्याच्या जागी गाळा घ्यायची ऐपत नसलेल्या आपल्या कितीतरी माता-भगिनी डबे करून मुलांची शिक्षणे करीत आहेत. हाताला चव, एक खोली आणि गॅसची शेगडी एवढ्या भांडवलावर हा धंदा सुरू होतो. पण जिथे गिऱ्हाइकाची नजर पोहोचत नाही, तिथे कायद्याची नजर पोहोचलीच पाहिजे, असे आमचे मत आहे.

कायदा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. विकण्यासाठी अन्न करणारा प्रत्येक जण त्यात येतो, मग पाटी असो वा नसो. त्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकाला नोंदणी आणि त्यावरच्याला परवाना सांगितला. दोन्हींचा क्रमांक १४ आकडी असतो. तरीही काय घडले ते पाहा. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरपोच अन्न देणाऱ्या कंपन्यांना विनापरवाना हॉटेले यादीतून काढायला सांगितले. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत ३४७ ठिकाणे तपासली आणि त्यातली ११३ बंद करण्याचे आदेश दिले. स्विगी, झोमॅटो यांसारख्या मोठ्या कंपन्यांमार्फत ही ठिकाणे अन्न विकत होती. मोठे नाव म्हणजे स्वच्छ स्वयंपाकघर, हा समज यातून पुसला जावा.

तपासणी कशाची व्हावी? सर्वांत आधी पाण्याची. २०१४ च्या अखेरीस मिरजेत गॅस्ट्रोची साथ येऊन माणसे दगावली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत घराघरांत शिरले. तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत स्वयंपाक होत असेल, तर पुरानंतर टाकी धुतली का, पाणी तपासले का, हे विचारणारे कोणी हवे. दुसरी तपासणी उष्णतेची. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहू नये, गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भातातल्या काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. सकाळचा भात कोमट राहिला की ती वाढतात, आणि रात्री दिलेली फोडणी त्यांचे विष घालवू शकत नाही. तिसरी तपासणी माणसाच्या प्रकृतीची. स्वयंपाक करणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा नियमच आहे.

यादी इथे संपली पाहिजे. चूल कोणाची, हा प्रश्न तिच्यात येता कामा नये. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. जवळ जेवणाचा डबा होता, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून त्यांनी ती रात्र उपाशी काढली. त्यातल्या एका मुलाने, म्हणजे बाबासाहेबांनी, हे स्वतः लिहून ठेवले आहे. विटाळ पाहणाऱ्यांनी पाण्याची स्वच्छता कधी पाहिली नाही, पिणाऱ्याची जात तेवढी पाहिली. आजही तो रोग गेलेला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने ‘शुद्ध शाकाहारी’ गिऱ्हाइकांसाठी हिरव्या गणवेशातले वेगळे पोचवणारे जाहीर केले आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी तो वेगळा गणवेश मागे घेतला. स्वच्छता मोजता येते. शुद्धतेचे माप कोणाजवळ आहे?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मोबाईलवरच्या प्रत्येक हॉटेलाच्या नावाखाली नोंदणी क्रमांक आणि स्वयंपाकघराचा खरा पत्ता ठळक दिसावा. सातारा आणि सांगलीच्या अन्न अधिकाऱ्यांनी ही ठिकाणे अचानक तपासावीत. लहान डबेवालीला मात्र आधी शिकवावे. कायद्याच्या ३२ व्या कलमात सुधारणेची नोटीस आणि किमान १४ दिवसांची मुदत आहे. तिचा लाभ गरिबालाही मिळावा.

आणि भगिनींनो, तुम्ही स्वतः आधी नोंदणी करून घ्या. उद्या कोणी कुजबुज केली की ‘त्यांच्या हातचे कसे खायचे’, तर भिंतीवरचा तो कागद आणि पाणी-तपासणीचा दाखला पुढे करा. अर्ज संगणकावर भरावा लागतो, तेवढ्यासाठी कोणी अडू नये. रविवारी वंदनेनंतर विहारात शिकलेल्या मुला-मुलींनी अर्धा तास बसावे आणि आपल्या वस्तीतल्या डबे करणाऱ्या प्रत्येक बाईचा अर्ज भरून द्यावा.