सांगशाकचे पाच दिवस

दुसऱ्या महायुद्धाचे पारडे कोठे फिरले, असा विषय निघाला की सुशिक्षित माणसाच्या तोंडी तीन नावे ठरलेली असतात : मिडवे, एल् अलामीन आणि स्टालिनग्राड. यात चूक काही नाही. 1942 च्या जूनमध्ये मिडवेपाशी जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. त्याच वर्षीच्या 23 ऑक्टोबरला अलामीनची दुसरी लढाई पेटली. आणि 1943 च्या 2 फेब्रुवारीला स्टालिनग्राडमधील उरलेसुरले जर्मन सैन्य शरण आले. तक्रार एवढीच की, हिंदुस्थानच्या भूमीवर जे पारडे फिरले त्याचे नाव सांगताना आपण चाचपडतो. फार तर कोणी ‘इंफाळ-कोहिमा’ म्हणतो. तेही 2013 साली लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयाने ब्रिटनच्या सर्वांत थोर लढाईबद्दल कौल घेतला व त्यात वॉटर्लू नि नॉर्मंडी मागे पडून हेच नाव वर आले म्हणून. साहेबाने शिक्का मारल्यावाचून आपल्याला आपली वस्तू ओळखता येत नाही, ही खोड जुनीच आहे.

पण मला कोहिमाच्याही अलीकडचे बोलायचे आहे.

1944 च्या मार्चमध्ये जनरल मुतागुची यांच्या तीन डिव्हिजन हिंदुस्थानच्या सरहद्दीवर चालून आल्या. इंफाळ घ्यायचे, कोहिमाला रस्ता तोडायचा आणि पुढे शत्रूच्याच कोठारांवर पोट भरायचे, असा त्यांचा हिशेब. कोहिमाकडे निघालेल्या शिपायाजवळ शिधा होता सुमारे तीन आठवड्यांचा. खाण्यासाठी हाकत आणलेल्या गुरांपैकी कितीतरी चिंदविन ओलांडतानाच बुडाली. पानिपतावर भाऊसाहेबांची रसद कशी तुटली हे ऐकतच आपल्या घरांतली मुले मोठी झाली. या हिशेबात काय धोका होता ते त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. मात्र हिशेब अगदीच वेडा नव्हता. कोहिमाच्या मागे 46 मैलांवर दिमापूर होते. तेथले लष्करी कोठार अकरा मैल लांब आणि एक मैल रुंद, नि राखणीला सैन्य जवळजवळ नाहीच. त्या डोंगरांतून जपानची फार तर एक रेजिमेंट येईल, अशी जनरल स्लिम यांची अटकळ होती. आली सबंध एकतिसावी डिव्हिजन.

तिच्या वाटेत सांगशाक आडवे आले. इंफाळच्या ईशान्येस, उखरूलच्या डोंगरात तांगखुल नागांचे हे गाव. तेथे पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड जमेल तशी ठाण मांडून बसली, आणि तिच्याबरोबर होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. हे काही छत्रीधारी सैनिक नव्हेत. साधे पायदळ, त्या मुलखात आधीपासून राहिलेले. जागा अशी की खणू गेले तर दोन-तीन फुटांवर कातळ लागे. काटेरी तार नाही, पाण्याची टंचाई, आणि विमानातून टाकलेला दारूगोळा निम्म्याहून अधिक शत्रूच्या हाती पडे. 22 मार्चपासून 26 च्या रात्रीपर्यंत या टेकडीवर झुंज चालली. गावच्या चर्चभोवती तर हातघाईची. शेवटी माघारीचा हुकूम आला, तेव्हा ब्रिगेडचे सुमारे सहाशे जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले होते. गावकऱ्यांनी काय गमावले याचा हिशेब कोणत्याच सेनेच्या कागदांत नसतो.

गंमत अशी की सांगशाक घेणे हे जपानी सेनानी मियाझाकी यांचे कामच नव्हते. तो भाग शेजारच्या पंधराव्या डिव्हिजनच्या वाट्याचा. पण पाठीशी शत्रू सोडून पुढे कसे जावे, या विचाराने ते वळले आणि अडकले.

आता तारखा पाहा. पाचवी हिंदी डिव्हिजन आराकानातून विमानांनी हलवली जात होती ती याच दिवसांत. तिची एक ब्रिगेड दिमापूरला उतरली मार्चअखेर. जपानी कोहिमाला पोचले 3-4 एप्रिलच्या रात्री, आणि त्या ब्रिगेडमधली वेस्ट केंट पलटण कोहिमात शिरली 5 एप्रिलला. एवढे अंतर! सांगशाकला आणि त्यानंतर जेसामी-खारासोमला आसाम रेजिमेंटने जे दिवस खाल्ले, ते मोकळे मिळते तर मियाझाकींना कोहिमा जवळजवळ उघडे सापडले असते. पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे : मेअखेर उपाशी डिव्हिजनच्या जनरल सातो यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली आणि 22 जूनला इंफाळचा रस्ता खुला झाला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ही पलटण इंग्रजांची चाकरी करीत होती. त्याच मोहिमेत आझाद हिंद सेना जपान्यांबरोबर लढत होती आणि 14 एप्रिलला मोइरांग येथे तिने तिरंगा फडकावला. मग अभिमान कोणाचा धरायचा? माझे मत स्पष्ट आहे. मोइरांगचा मान मोइरांगला असावा. पण त्यासाठी सांगशाकच्या शिपायाला विसरण्याची अट घालणे हा अन्याय आहे. महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावे आपण घेतो. ते पराक्रम इटलीतले. पदक असल्यामुळे नावे राहिली. सांगशाकला पदरी माघार पडली, आणि माघारीचे पोवाडे होत नाहीत. ब्रिगेडिअर होप-थॉमसन यांना तर मागे पाठवण्यात आले. ब्रिगेडच्या कामगिरीची कदर व्हायला उन्हाळा उलटावा लागला.

आपल्या जुन्या घरांतून पलटणीत गेलेल्यांचे कागद अजून ट्रंकांच्या तळाशी असतात. पेन्शनची पुस्तके, डिस्चार्जची पत्रे. घर विकताना किंवा रंग देताना ती रद्दीत जातात हे मी पाहिले आहे. त्यांत कोठे चौथ्या पलटणीचे नाव आणि 1944 साल दिसले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते कोणी तरी वाचावे.