जाहीर न होणारी कपात

नोव्हेंबर 2023 पासून राज्यातल्या शाळांत पोषण आहारासोबत आठवड्यातून एकदा अंडे मिळू लागले. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे. अंड्यामागे 5 रुपये दर ठरला होता आणि वर्षाचा खर्च सुमारे 50 कोटींचा होता. जानेवारी 2025 च्या शासन निर्णयाने हे पैसे बंद केले. अंडे द्यायला मनाई केलेली नाही. शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, एवढेच सांगितले. धडगाव किंवा मोखाड्याच्या पाड्यांवर अर्धे गाव ऊसतोडीला नाही तर वीटभट्टीवर गेलेले असते. तिथल्या मुख्याध्यापकांनी वर्गणीसाठी कोणाच्या दारात उभे राहायचे? दीडच महिन्याने मांडला गेलेला राज्याचा अर्थसंकल्प सुमारे 7 लाख कोटींचा होता.

आरोग्य आणि पोषणावरची कपात बहुधा अशीच होते. योजना बंद केल्याची घोषणा होत नाही, त्यामुळे विधिमंडळात गदारोळही होत नाही. मार्चमध्ये तरतूद दिसते, पण वर्षभरात निधी हप्त्याहप्त्याने आणि उशिरा सुटतो. सुधारित अंदाजात आकडा खाली येतो. उरलेली रक्कम मार्चअखेर हाती पडते तेव्हा खरेदीची प्रक्रिया पुरी करायला दिवसच उरलेले नसतात. मग ती ‘अखर्चित’ म्हणून परत जाते आणि पुढच्या वर्षी विभागाला खर्चच करता येत नाही, असे सांगून तरतूद आणखी कमी धरली जाते. माझ्या मते यातला सर्वात अन्यायाचा भाग हाच आहे.

वित्त विभागाची अडचण खोटी नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांना हात लावता येत नाही. लाडकी बहीण योजनेसाठी 2025-26 मध्ये 36 हजार कोटी ठेवावे लागले. महिना 1500 रुपयांनी अनेक घरांना खरोखर आधार मिळाला आहे, आणि त्या पैशावर बायकांचा हक्क नाही असे कोणी म्हणू नये. प्रश्न आहे तो हे पैसे कुठून काढले जातात याचा. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे 335 कोटी या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनांचा निधी अन्यत्र वळवू नये, ही नियोजन आयोगाच्या काळापासूनची भूमिका आहे.

राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून अधिक वाटा 2020 पर्यंत आरोग्याला द्यावा, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले आहे. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर उभे राहिले की याचा अर्थ कळतो. चिठ्ठीवरच्या चार औषधांपैकी दोन हातात पडतात, उरलेल्या दोहोंभोवती पेनने गोल होतो आणि ‘ही बाहेरून घ्या’ असे सांगितले जाते. ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत उपचार मोफत झाले, पण हा गोल मोफत नाही. 1500 रुपयांतला काही भाग त्याच बहिणीच्या हातून मेडिकलवाल्याच्या गल्ल्यात जातो.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 च्या सप्टेंबरअखेरीस 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला मनुष्यबळाबरोबरच आरोग्यासाठी केलेल्या तरतुदीचाही हिशेब विचारला. एरवी हा हिशेब कोणी विचारत नाही. वेळेवर लस टोचलेले, पोटभर जेवलेले मूल सहसा आजारी पडत नाही, आणि न पडलेल्या आजाराची बातमी होत नाही. म्हणूनच लसीकरण, पोषण, कंत्राटी परिचारिकांचे मानधन या बाबींवर कात्री चालवणे सोपे जाते. आशा सेविकांना तर ठरलेला वाढीव मोबदला मिळवण्यासाठीही संपावर जावे लागले.

सरकारला आज करता येण्यासारखी दोन कामे आहेत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक आरोग्य आणि पोषण योजनेची तरतूद, सोडलेला निधी आणि झालेला खर्च जिल्हावार प्रसिद्ध करावा. औषधे आणि आहाराच्या लेखाशीर्षांतून निधी वळवायचा असेल तर आधी विधिमंडळाची मंजुरी घ्यावी. अंड्यांचे 50 कोटी मात्र एवढ्यासाठीही थांबायला नकोत. ते येत्या पुरवणी मागण्यांतच घालता येतात.