टीबी बरा झाला, तरी खोकला का?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



टीबीचा कोर्स पुरा होतो, बेडका निगेटिव्ह येतो, सरकारदरबारी रुग्ण बरा झाल्याची नोंद होते. पुढे काही महिन्यांनी काहींचा खोकला उलटतो, वजन उतरतं, थुंकीतून रक्त पडतं. बेडक्यात जंतू सापडत नाहीत. तरीही एक्स-रेवरचे जुने डाग बघून पुष्कळदा टीबीच्याच गोळ्या पुन्हा सुरू होतात. हे पत्र त्या रुग्णांसाठी आहे.

टीबी बरा होताना फुप्फुसात पोकळी राहू शकते. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी मातीत, कुजक्या पाल्यात, धान्याच्या धुळीत असते; तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी फुप्फुस त्यांचा निकाल लावतं. पोकळीत मात्र ते रुजू शकतात, कधी बुरशीचा गोळाच तयार होतो. मोठा रक्तस्राव झाला तर जीवही जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात टीबीनंतर पोकळी राहिलेले ५४४ रुग्ण तपासले, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्शाच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. भारतासारख्या टीबीग्रस्त देशात हा प्रश्न लहान असणं शक्य नाही.

टीबीच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही. तिच्यावर इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध लागतं, तेही निदान सहा महिने. आणि सोबत टीबीवरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनॅझोल रक्तात पुरेसं टिकतच नाही. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या १७ पैकी १३ जणांना गुण आला. न घेणाऱ्या १४ पैकी पाचच जणांना.

म्हणून तीन मागण्या. उपचारानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करावा, असं राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातच सांगितलं आहे. तो गावपातळीपर्यंत खरोखर व्हावा. लक्षणं असूनही बेडका निगेटिव्ह असेल, तर टीबीची औषधं पुन्हा सुरू करण्याआधी अ‍ॅस्परजिलस आयजीजी ही रक्ततपासणी व्हावी आणि तिची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून मोफत मिळावी. इट्राकोनॅझोलही तिथेच मोफत मिळावं.

२०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांना राज्याने महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत सामावून घेतलं होतं. ती साथ सर्वांना दिसत होती. टीबीनंतरचा हा बुरशीचा आजार घराघरांत, एकेकट्याला गाठतो. त्याची दखल शासनाने आपणहून घ्यायला हवी. येत्या अर्थसंकल्पात या तपासणीसाठी आणि औषधासाठी तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
क्षयरुग्णांचा एक हितचिंतक