भरतीसाठी पळणाऱ्या पोरांच्या हवेचं काय?

डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या कसोटीत श्रीलंकेचे क्रिकेटपटू मास्क लावून मैदानात उतरले, तेव्हा अनेकांनी त्याला नखरे म्हटलं. आदल्याच वर्षी दिल्लीतले रणजी सामने धुरक्यामुळे रद्द झाले होते. २०२३ च्या विश्वचषकात श्रीलंका आणि बांगलादेश या दोन्ही संघांनी तिथे सराव टाळला. आता मात्र नखरे कुणी म्हणत नाही.

मोठ्या खेळाडूंना सराव रद्द करता येतो. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागात सैन्यभरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरांचं काय? अनेकांचं मैदान म्हणजे रस्त्याची कड. भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पळालं तर ६० गुण. एका सेकंदाचा उशीर झाला की थेट ४८.

हवेचा फटका नेमका इथेच बसतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात पळताना हा आकडा शंभरापर्यंत जाऊ शकतो. धाप लागली की श्वास तोंडाने सुरू होतो आणि नाकाची गाळणी बाजूला पडते. वाहनांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे पाय तयार असले तरी स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो.

त्यात हिवाळ्याची पहाट. थंड हवा जमिनीलगत अडकते; वाहनांचा धूर, शेकोट्या, उसाचं पाचट जाळल्याचा धूर तिथेच साचून राहतो.

हा प्रश्न एकट्या दिल्लीचा नाही. केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत कोल्हापूर, सांगली, सोलापूर, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीही आहेत. सूक्ष्म धूलिकणांची आपली चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे सरकारी तक्त्यावर 'समाधानकारक' दिसणारी हवाही धावणाऱ्याच्या छातीला चांगली असेलच असं नाही.

म्हणून पळणं सोडायचं नाही, जागा आणि वेळ बदलायची. रस्त्यापासून आत गेलं की धूर बराच कमी होतो. हवेचा निर्देशांक २०० च्या वर असेल त्या दिवशी वेगाचा सराव टाळावा. ग्रामपंचायतींनी शाळेची मैदानं सकाळी उघडी ठेवली, तर खर्च कुलपाच्या किल्लीएवढाच. भरतीची भाषणं करणाऱ्या पुढाऱ्यांनी आधी एवढं तरी करून दाखवावं.