तोवर जेवायचं काय?

बेसबॉल म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतात त्या शालेय स्पर्धा, प्रमाणपत्र आणि दहावीचे वाढीव गुण. खेळ नंतर. पण आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही अशी पोरं भेटतात, ज्यांनी खरी बेसबॉलची बॅट कधी हातात धरली नाही, तरी 'डबल-ए', 'ट्रिपल-ए' त्यांना तोंडपाठ आहे. ही करामत 'एमएलबी द शो' या व्हिडिओ गेमची. सार्वजनिक प्रश्नांवर लिहिणाऱ्याने गेमवर कशाला लिहायचं, असं कुणी म्हणेल. लिहायला पाहिजे. कारण हा गेम बेसबॉलपेक्षा एक वेगळीच गोष्ट शिकवतो, आणि ती गोष्ट आपण सगळे घरात पोरांना ऐकवत असतो: अंगात गुण असला आणि मेहनत केली की माणूस वर येतोच.

आधी गेम समजून घ्या. सोनीच्या सॅन दिएगो स्टुडिओचा हा गेम, दरवर्षी नवा निघतो. त्यात 'रोड टू द शो' नावाचा एक भाग आहे. अमेरिकन खेळाडूंच्या बोलीत 'द शो' म्हणजे मेजर लीग, सगळ्यात वरची पायरी. इथे तुम्ही आपला एक खेळाडू तयार करायचा. नाव, चेहरा, उंची, उजवा की डावखुरा, पिचर की फलंदाज, सगळं तुमच्या मनासारखं. २०२४ च्या गेमपासून मुलगी म्हणूनही कारकीर्द करता येते. सुरुवातीला पोरगं कच्चं असतं. चेंडू नीट बॅटवर आला की 'कॉन्टॅक्ट' वाढतो, लांब मारला की 'पॉवर', बाहेरचा चेंडू सोडून दिला की 'डिसिप्लिन'. आकडे चढतात, एक दिवस मॅनेजर बोलावतो, डबल-ए मधून ट्रिपल-ए आणि तिथून थेट मेजर लीग.

गंमत म्हणजे पूर्ण मॅच खेळावी लागत नाही. तुमची फलंदाजीची पाळी आली की खेळायचं, चेंडू तुमच्याकडे आला की पकडायचा, बाकीची मॅच झरकन पुढे जाते. वैताग आला तर काठिण्य कमी करता येतं. शिवाय 'स्टब्ज' नावाचं गेममधलं चलन आहे. ते खेळून मिळतं आणि खरे पैसे मोजूनही मिळतं. गेल्या काही वर्षांत त्यातून खेळाडूचे आकडे वाढवणारं सामानही घेता येऊ लागलं. म्हणजे मेहनतीचा धडा देणाऱ्या गेमनेच पाकीटवाल्यासाठी मागचं दार उघडं ठेवलंय. पण ते जाऊ द्या. माझा मुद्दा वेगळा आहे.

गेममध्ये काय आहे यापेक्षा काय नाही ते बघा. पोराला भूक लागत नाही. घरभाडं नाही. रात्रभर बसमध्ये पाय दुमडून झोपणं नाही. पगाराचा आकडा दिसला तरी त्यातून घर चालवायचं नसतं.

आता खरी शिडी बघू. २०१४ मध्ये आरॉन सेन नावाच्या माजी खेळाडूने काही सहकाऱ्यांसोबत मेजर लीगवर खटला भरला. म्हणणं साधं होतं: आम्हाला किमान वेतनसुद्धा मिळत नाही. खटला चालू असतानाच, मार्च २०१८ मध्ये, अमेरिकी संसदेने २,२३२ पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवलं. नाव काय, तर 'सेव्ह अमेरिकाज पासटाइम अ‍ॅक्ट'. राष्ट्रीय खेळ वाचवायचा म्हणे. वाचवलं काय? मालकांचे पैसे. खेळाडूला आठवड्याला ४० तासांचं किमान वेतन दिलं की बास. ओव्हरटाइम नाही, सीझनबाहेरच्या सरावाचे पैसे देण्याचं बंधन नाही. ताशी ७.२५ डॉलरने ४० तासांचे २९० डॉलर होतात. आणि बरोबर २९० डॉलर हाच खालच्या सिंगल-ए गटातला आठवड्याचा किमान पगार होता. ट्रिपल-ए मध्ये ५०२. तोही फक्त सीझनपुरता, म्हणजे साधारण पाच महिने. उरलेले सात महिने पोरं गोदामात माल उचलायची, गाड्या चालवायची, आई-बापाच्या घरी राहायची. ज्यांना ते घर नव्हतं, ती खेळ सोडायची. त्यांच्या हातात गुण कमी होता असं कुणी सांगावं?

आता हे बदललं कसं? कुणाचं रेटिंग ९९ झालं म्हणून नाही बदललं. खेळाडू बोलायला लागले, खटला रेटत राहिले, कितीतरी जण दाटीवाटीने एकत्र राहतात हे लोकांपुढे आणलं. २०२२ पासून संघांना राहण्याची सोय करावी लागली. त्याच वर्षी तो खटला १८.५ कोटी डॉलरवर मिटला, आणि सप्टेंबरमध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत दाखल झाले. मार्च २०२३ मध्ये पहिला करार झाला. सगळ्यात खालच्या पायरीवरचा वर्षाचा किमान पगार ४,८०० डॉलरवरून १९,८०० वर गेला, ट्रिपल-ए चा १७,५०० वरून ३५,८०० वर. फुकट मिळालं असं समजू नका. प्रत्येक क्लबला देशात जास्तीत जास्त किती खेळाडू ठेवता येतील, तो आकडा १८० वरून १६५ वर आणायला संघटनेला मान्यता द्यावी लागली. आणि इतकं होऊनही दरी बघा: त्याच वर्षी मेजर लीगमधला किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. शेवटच्या एका पायरीत वीसपट फरक.

यात आपला माणूसही आहे. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही भालाफेकपटू. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाशी करार करणारे हे पहिले भारतीय. २०१४ मध्ये त्यांच्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला, ए. आर. रहमानचं संगीत. पण पुढचं किती जणांना ठाऊक आहे? दिनेश २०१० मध्येच संघाबाहेर गेला. रिंकू झगडत सिंगल-ए पर्यंत पोचला आणि कोपराच्या दुखापतीने अडकला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात 'वीर महान' झाला.

आता हे जुळवून बघा. या गेममधली कारकीर्द वर्षानुवर्षं डबल-ए पासून सुरू होत आली. २०२५ च्या गेममध्ये शाळा-कॉलेजचा भाग जोडला, पण डबल-ए च्या खालच्या पायऱ्या त्यात आल्या नाहीत. म्हणजे आपला माणूस ज्या पायरीवर थांबला, ती पायरीच गेममध्ये नाही! जिथे सगळ्यात जास्त पोरं गळतात, तोच भाग कापलेला. खालच्या संघांतले कितीतरी खेळाडू अनेक वर्षं या गेममध्ये खऱ्या नावाने नसायचे. चाहत्यांनीच रात्री जागून, फुकट, एकेकाला हाताने तयार करून यादीत घातलं. कंपनीच्या हिशोबात जे नव्हते, त्यांची दखल प्रेक्षकांनी घेतली.

गेम बनवणाऱ्यांना मी दोष देत नाही. दिवसभर दमून आलेल्या पोराला संध्याकाळी भाड्याची चिंता कोण विकत देईल? करमणूक ती करमणूक. अडचण तेव्हा होते, जेव्हा मोठी माणसं गेमची गोष्ट खरी धरून धोरण ठरवतात. आपल्याकडेही तेच चालतं. एखादं पोर पदक घेऊन आलं की हार, फ्लेक्स, सत्कार. भाषणात एक वाक्य हमखास: 'परिस्थितीवर मात केली.' पण ती परिस्थिती केली कुणी, आणि तिच्यावर मात न करू शकलेली बाकीची पोरं कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं बघा, जिल्ह्याला खोली करून स्पर्धा परीक्षेला बसलेली बघा. गुण किती जणांत आहे हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न, वाट बघण्याचा खर्च कुणाला झेपतो.

तेव्हा पोरांना गेम खेळू द्या. ९९ चं रेटिंग करू द्या, होमरन मारू द्या. पण पुढच्या वेळी स्टेजवरून कुणी म्हणालं की गुण असला की माणूस वर येतोच, तर खालून एकच विचारा: येईल हो, पण तोवर जेवायचं काय?