अम्मीच्या पायाचे माप

पाऊस ओसरू लागला की सातारा-सांगलीकडच्या घरांतून रविवारचे बेत शिजू लागतात. कुणाला अजिंक्यतारा, कुणाला यवतेश्वरमार्गे कास, थंडी पडू लागली की बामणोलीहून लाँचने वासोटा. मिरजेकडच्यांना दंडोबाचा डोंगर जवळ, कडेगाव-पलूसकडच्यांना सागरेश्वर. डबा, पाणी, चटई, मुलांचे स्वेटर सगळे आठवणीने भरले जाते. पायांकडे मात्र कुणी बघत नाही. पोराच्या पायात नवेकोरे बूट, अब्बांच्या पायात कचेरीचे, आणि अम्मीच्या पायात लग्नकार्यातली सँडल नाहीतर रोजची स्लीपर. चढताना निभावते. उतरताना अम्मी मागे पडते, आणि कुणीतरी म्हणते, "तिला डोंगर झेपत नाही." आम्हाला विचाराल तर आधी तिची चप्पल बघा.

आपल्या पुष्कळ घरांत बाईची चप्पल अजूनही नंबरावर येते. "पाचची आण," एवढ्या निरोपावर मुलगा किंवा नवरा जोड घेऊन येतो. घरातल्या घरात ते चालून जाते. डोंगरासाठी चालत नाही, कारण नंबर सांगतो ती फक्त लांबी. चवड्याची रुंदी त्यात नसते, आणि बायकांच्या चपला-बुटांचा पुढचा भाग बहुधा निमुळता असतो. त्यात नंबरांच्या पद्धतीही दोन. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपी पद्धतीत सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. त्यामुळे अडतीस म्हणजे पाच हा हिशेब अंदाजाचाच राहतो, आणि कंपनी बदलली की तोही बदलतो. शिवाय पाऊल आयुष्यभर तेवढेच राहत नाही. बाळंतपणानंतर, वजन वाढल्यावर, वय झाल्यावर ते पसरते. लग्नातला नंबर पन्नाशीत सांगण्यात अर्थ नाही.

म्हणून ज्याचे पाय, त्याने दुकानात जावे. असरनंतर गेलात तर उत्तम. दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजलेले असतात, आणि डोंगरावरही ते तसेच सुजणार असतात. जे मोजे घालून चढायचे तेच घालून बूट घालून बघावा. माप उभे राहून घ्यावे, आणि दोन पायांत जो मोठा त्याचे धरावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, काहींचे दुसरे बोट पुढे असते. त्या बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. टाच मागे घट्ट बसावी, चालताना उचलली जाऊ नये. मग दुकानाच्या पायऱ्या दोनचार वेळा उतरून बघाव्यात. बोटे पुढे जाऊन आपटली तर तो जोड तिथेच ठेवा. पायऱ्यांवर आपटणारी बोटे अजिंक्यताऱ्यावरून खाली येईपर्यंत नखे काळी करतात. बायकांच्या विभागात रुंद बूट मिळाला नाही, तर मुलांच्या विभागातला मागावा. दुकानदार काय म्हणेल याची फिकीर करू नये.

जाणे शक्यच नसेल, दादी आजारी असेल, तर कागदावर उभे करून पावलाभोवती पेन्सिल सरळ धरून रेघ ओढावी आणि कागदच दुकानात न्यावा. बुटाच्या आतला सुटा तळ बाहेर काढून त्या रेघेवर ठेवला की लांबी-रुंदी दोन्ही कळतात.

आता बूट कसला हवा? डांबरी रस्त्याने अजिंक्यतारा किंवा यवतेश्वर चढायचा असेल तर साधा, तळाला खाचा असलेला खेळाचा बूट पुरतो. वासोट्याच्या जंगलवाटेवर, सुट्या दगडांवर, खोल खाचांचा आणि हातात धरून पिळला तर सहज न पिळणारा तळ हवा. घोट्यावर येणारा जड बूट घेतलाच पाहिजे असे नाही; नीट बसणारा हलका बूट सैल बसणाऱ्या महाग बुटापेक्षा बरा. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर कुठलाही तळ घसरतो, तिथे पाऊल बेतानेच टाकावे. बुरख्याचा किंवा साडीचा घोळ थोडा वर खोचून घ्यावा, म्हणजे पाऊल कुठे पडते ते दिसते.

कोल्हापुरीबद्दलही विचारले जाते. या चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत सांगली आणि सातारा हे दोन्ही आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे कोरड्या हवेत पायाला फार सुखाचे. सपाटीवर मैलोन्मैल चाला. पण तिला टाचेमागे पट्टा नसतो आणि कातडी तळ गुळगुळीत होतो, म्हणून उतारावर ती आपली नव्हे. ओली झाली की तर नाहीच.

नवा बूट आठवडाभर घरात, मग बाजारात, मग संध्याकाळच्या फेरीला वापरून मगच डोंगरावर न्यावा. घरात वापरताना तळ मळू दिला नाही तर बदलूनही मिळतो. उतरायला लागण्याआधी नाडी पुन्हा बांधावी, वरच्या भोकांपाशी जास्त घट्ट, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही.

वाटेत जोहरची वेळ होते. वजू करून ओल्या पायांवर घाईने मोजे चढवले की पुढच्या तासाभरात टाचेवर फोड आलाच समजा. पिशवीत एक छोटा टॉवेल आणि मोज्यांचा कोरडा जोड ठेवावा, बोटांच्या बेचक्याही पुसाव्यात. सुती मोजा घाम धरून ठेवतो. चालण्यासाठी मिश्र धाग्याचा बरा.

कपाटात जपून ठेवलेल्या बुटांवर भरवसा ठेवू नका. काही बुटांच्या तळात वापरलेला फोम दमट हवेत, न घालताही, वर्षानुवर्षांनी भुसभुशीत होतो आणि ऐन चढावर तळ सुटतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात बूट वाकवून, अंगठ्याने तळ दाबून बघावा. चुरा पडला तर तो टाकून द्या, कितीही कोरा दिसो.

साखरेचा आजार असलेल्यांनी जास्त जपावे. पायाला बधिरपणा असेल तर चावणारा बूट कळतच नाही, आणि लहानशी जखम चिघळते. घालण्यापूर्वी बुटात हात फिरवून खडा किंवा उसवलेली शिवण बघावी. नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच. घरी परतल्यावर तळवे स्वतःला दिसत नसतील तर सुनेला किंवा नातवाला दाखवावेत, आणि लाल डाग दिसला तर त्या जोडाला पुन्हा पाय लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे.