खालचा थर

बर्फाच्या हंगामाचा आढावा घेताना किती फूट बर्फ पडला आणि किती पर्यटक आले, एवढीच चर्चा बहुधा होते. गुलमर्गच्या २०२३-२४ च्या हिवाळ्याकडे मागे वळून पाहताना मात्र त्यापलीकडचे काही हाती लागते, आणि त्याचा संबंध थेट आपल्या प्रकृतीशी आहे.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलाँ’ हा चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ सुरू होतो. उत्तम बर्फाची आशा याच दिवसांवर असते. त्या वर्षी हे दिवस बहुतांशी कोरडे गेले. जानेवारीत जेथे स्कीइंग चालायचे, तेथे वाळलेले गवत दिसत होते. बर्फ आला तो महिना सरता सरता, आणि फेब्रुवारीत तो भरभरून पडला. लांबणीवर पडलेल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा अखेर २१ ते २५ फेब्रुवारीला झाल्या. त्याच आठवड्यात, २२ तारखेला, अफरवतच्या वरच्या उतारावर हिमस्खलन झाले आणि एका रशियन स्कीपटूला प्राण गमवावे लागले.

त्या एका दुर्घटनेची चिकित्सा तज्ज्ञांनी करावी. परंतु हिमस्खलनाचे एक सर्वसाधारण कारण समजून घेण्याजोगे आहे. प्रदीर्घ कोरड्या थंडीत जमिनीलगतच्या पातळ बर्फाचे साखरेसारखे सुटे कण होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर थोड्या दिवसांत पुष्कळ नवा बर्फ साचला, तर वरून सारे शुभ्र आणि भक्कम दिसते. पण खालच्या थराला तो भार पेलवत नाही.

आपल्या शरीराचेही असेच नाही का? वर्षभर खुर्चीत बसून काम करणारा मनुष्य चार दिवसांची रजा काढतो, विमानाने श्रीनगर गाठतो आणि दुसऱ्याच दिवशी पायांत स्की बांधतो. उत्साहाचा बर्फ भरपूर असतो. खालचा थर मात्र भुसभुशीत असतो.

प्रथम उंचीचा विचार करू. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तेथून गोंडोलाचा दुसरा टप्पा आपल्याला ३,९०० मीटरच्याही वर नेतो. तेथे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत पाचातील सुमारे तीन भागच असतो. गोंडोला काही मिनिटांत वर पोहोचते. शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात. म्हणून गुलमर्गला एक-दोन रात्री विसावल्यावरच वरचा टप्पा गाठावा. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे जाणवल्यास आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर विलंब न लावता खाली उतरावे. तिकीट काढले आहे म्हणून आजी-आजोबांना वर नेण्याचा आग्रह कोणी धरू नये.

दुसरा विचार गुडघ्यांचा. स्कीइंगमध्ये सर्वाधिक दुखावतो तो गुडघा, विशेषतः त्यातील लिगामेंट. पडताना बूट स्कीपासून सुटला नाही, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. भाड्याने स्की घेताना आपले वजन आणि अनुभव खरा सांगावा. त्यावरूनच बुटाची पकड जुळवली जाते. मांड्या थरथरू लागल्या की दिवस संपला असे समजावे. ‘आता एकच फेरी’ हा मोह टाळावा.

डोळ्यांकडे तर फारसे कोणाचे लक्षच नसते. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, आणि दर हजार मीटर उंचीमागे ही किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. ढगाळ दिवशीही लहान मुलांसकट सर्वांना बाजूने बंद असलेला, अतिनील किरणे रोखणारा चश्मा हवा. डोळ्यांची आग काही तासांनी, बहुधा रात्री, सुरू होते. रात्री खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवणे त्याहून घातक. कार्बन मोनॉक्साइड या वायूला वासच नसतो.

मग खालचा थर घट्ट कसा करावा? त्याला महागडी साधने लागत नाहीत. आपल्याकडच्या बैठका मांड्यांसाठी उत्तम आहेत. दिवाळीचा फराळ आटोपला की त्या सुरू कराव्यात. गुडघ्यांना झेपतील इतक्याच, आठवड्यातून तीन-चार वेळा. भिंतीला पाठ टेकवून अर्धे बसणे, एका पायावर उभे राहून तोल सांभाळणे आणि रोज जिने चढणे यांची जोड द्यावी. पुणेकरांना पर्वती आणि सिंहगड आहेतच. उतरण्याचा सरावही विसरू नये, कारण स्कीइंग म्हणजे अखेर उतरणेच. जानेवारीपर्यंत आठ-दहा आठवडे हाती राहतात, आणि तेवढे पुरेसे आहेत.

बर्फ केव्हा पडेल हे आपल्या हाती नाही. तो उशिरा आला की थोड्या दिवसांत सारे उरकण्याची घाई होते, आणि घाईत खालच्या थराची आठवण राहत नाही. पुढच्या हिवाळ्याचे आरक्षण करण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: जिन्याचे चार मजले आपण न थांबता चढू-उतरू शकतो का?